पाणीपुरी बाधली की कॉलरा?

बडोद्यात पावसाळा लागला की घरटी कुणाचं ना कुणाचं पोट बिघडतं आणि निदान घरातच होऊन जातं. "काल बाहेरचं खाल्लंस ना? मग भोग." सेवउसळ, पाणीपुरी, साखरपुड्यातली बासुंदी, ज्याच्या त्याच्या माथी खापर फुटतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण कॉलऱ्याची सुरुवात हुबेहूब अशीच होते: आधी जुलाब, मग उलट्या, मग हातापायांतलं त्राण जाणं.

२०१८ साली आपण दोन्ही प्रकार एकाच वर्षात पाहिले. जुलैमध्ये महानगरपालिकेने पावसाळ्यापुरती पाणीपुरीच्या विक्रीवर बंदी घातली, आणि देशभरच्या वर्तमानपत्रांना बडोद्यावर विनोद करायची संधी मिळाली. त्याच वर्षी वाघोडिया तालुक्यातल्या खेड करमसिया गावात ३१ जणांना कॉलऱ्यासारखी लक्षणं दिसली आणि जिल्हाधिकाऱ्यांनी १८९७ च्या साथरोग कायद्याखाली ते गाव कॉलराग्रस्त जाहीर केलं. त्यावर कुणी विनोद केला नाही, कारण फारशी कुणी बातमीच वाचली नाही. पुढे कोविडमध्ये तोच कायदा सगळ्यांना तोंडपाठ झाला.

आता फरक. पहिला फरक घड्याळाचा. पंगतीतलं श्रीखंड किंवा बासुंदी बाधते तेव्हा बऱ्याचदा कारण असतं स्टॅफिलोकोकस हा जंतू. आचाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असली तरी पुरते. हा जंतू अन्नात वाढताना विष सोडतो आणि आपण खातो ते तयार विष. म्हणून अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्यांचा भडका उडतो, एकाच पंगतीतले दहाजण एकदम आडवे होतात आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी चहा मागतात. हे विष उकळूनही मरत नाही; जंतू मरतो, विष राहतं. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताची तऱ्हाही साधारण अशीच, जंतू तेवढा वेगळा. साल्मोनेला या जंतूला मात्र सहा तासांपासून सहा दिवस लागू शकतात आणि त्यात सहसा ताप येतो, पोटात मुरडा येतो.

कॉलऱ्याचा जंतू पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला बारा तास ते पाच दिवस लागतात. त्यामुळे "काल काय खाल्लं?" हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. विचारायचं ते असं: गेल्या पाच दिवसांत पाणी कुठलं प्यायलं, आणि शेजारी कुणाला होतंय का? पंगतीतले लोक एका वेळी पडतात. कॉलऱ्यात आज या घरात एक, उद्या समोरच्या घरात दोन, परवा कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी.

दुसरा फरक डोळ्यांना दिसणारा. जोरदार कॉलऱ्यात ताप बहुधा नसतो, पोटात फारसं दुखतही नाही. होतं ते निव्वळ पाणी, तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं, त्यात बारीक कण. प्रौढ माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर जाऊ शकतं. पोटऱ्यांत गोळे येतात, आवाज बसतो, डोळे खोल जातात, बोटं तासभर कपडे धुतल्यासारखी सुरकुततात. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच खाली बसत नाही, दोन सेकंदांहून जास्त घडी तशीच उभी राहते. ही खूण दिसली की घरगुती उपायांची वेळ संपली. उपचार नसेल तर असा रोगी काही तासांत जाऊ शकतो. वेळेवर उपचार झाले तर शंभरात एकही दगावत नाही.

एवढं सांगून झाल्यावर एक अडचण कबूल करायला हवी. कॉलऱ्याची लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना काहीच होत नाही किंवा किरकोळ जुलाब होतात. ते हिंडत-फिरत राहतात आणि त्यांच्या शौचातून एक ते दहा दिवस जंतू बाहेर पडत राहतात. शिवाय कॉलरा अन्नातूनही येतो. पुरीतलं पाणी ज्या नळाचं, तो नळच खराब असेल तर दोष गाडीवाल्याचा की पाइपाचा? म्हणजे एकट्यादुकट्या रोग्याकडे पाहून घरी बसून फरक करता येत नाही. तो शौचाच्या तपासणीतच कळतो.

माझं म्हणणं असं की रोग्याच्या उशाशी बसलेल्या माणसाने रोगाच्या नावामागे लागूच नये. पहिल्या दोन तासांत दोन्हीकडे काम एकच: गेलेलं पाणी आणि मीठ परत भरणं. नाव हवं असतं ते गल्लीसाठी.

भरण्याची गंमत समजून घेण्यासारखी आहे. कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या भिंतीत घुसत नाही. तो लहान आतड्यात चिकटून विष सोडतो, आणि त्या विषाने भिंतीचा नळ जणू उघडाच अडकतो. क्षार बाहेर, त्यांच्यामागे पाणी बाहेर. हे विष १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं. पण साखर आणि सोडियम जोडीने आत घेणारी वाट या विषाने बंद होत नाही. ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्यात, साखर असते ती ताकदीसाठी नव्हे, मिठाला आत नेण्यासाठी. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हेच पाणी पाजायला दिलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

म्हणून ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात. अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट हा आपल्याकडचा आवडता अंदाजपंचे प्रकार नको. जास्त खारट-गोड पाण्याने जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. दुकानातले ओआरएस नावाचे गोड ज्यूसचे डबे म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, त्या नावाला मनाई केली ती त्याचसाठी. जुलाब दाबणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत. अँटिबायोटिक डॉक्टर ठरवतील, ते दुय्यम आहे. लघवी बंद झाली, रोगी गुंगीत जाऊ लागला किंवा पाजलेलं टिकेना, तर थेट सयाजी हॉस्पिटल किंवा कारेलीबागेतलं चेपी (संसर्गजन्य) रोगांचं हॉस्पिटल. तिथे शिरेतून रिंगर लॅक्टेट हे सलाइन भरभर द्यावं लागतं. वाटेतही पाजत राहायचं.

आणि आता गल्ली. पंगतीतल्या विषबाधेत उरलेलं अन्न फेकलं, आचाऱ्याला दोन शब्द सुनावले की गोष्ट संपते. कॉलऱ्यात मूळ जमिनीखाली असतं. शहराला आजवा तलावाचं आणि मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं पाणी येतं, ते क्लोरीन घालूनच सुटतं. पण जुन्या शहरातल्या पोळांत, म्हणजे दाट गल्ल्यांत, पाण्याचा पाइप आणि गटाराची लाइन शेजारी-शेजारी. पाणी ठरावीक वेळच येतं. ते बंद झालं की पाइप रिकामा होतो, आणि फट असेल तर बाहेरचं आत ओढलं जातं. त्यात नळाला थेट मोटर लावणारे आपण! मोटर पाणी ओढते तशी आजूबाजूची घाणही ओढते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी घराघरांत शिरली, तेव्हा गटार कुठलं आणि पाणी कुठलं हे डोळ्यांनी सांगता येत नव्हतं.

"आमच्याकडे आरओ आहे" हे उत्तर अर्धंच. कोशिंबिरीची काकडी कुठल्या पाण्याने धुतली? दात कुठल्या पाण्याने घासले? साथीच्या दिवसांत एवढ्यालाही उकळलेलं पाणी, खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलेलं. आम्लपित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण पोटातलं आम्लच या जंतूंना मारतं.

शेजारच्या दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले तर वॉर्ड ऑफिसला कळवा आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट मागा. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकतात; पिवळं झालं तर क्लोरीन आहे. टोकाच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. रंगच आला नाही तर ते पाणी पिण्याचं नाही, आणि त्या लाइनवर फट शोधायचं काम पालिकेचं. लस आहे, तोंडाने घ्यायची, दोन आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. पण ती वस्तीच्या वस्तीला देण्यासाठी. आज ज्याला जुलाब होताहेत त्याला तिचा उपयोग नाही.