हिशेब ते ऊशेब

परवा एका मित्राने मोठ्या कौतुकाने मोबाइल पुढे केला. कुठल्याशा चॅटबॉटकडून त्याने दोन मिनिटांत एक अख्खी नवी 'सेमिटिक भाषा' बनवून घेतली होती, दोनशे शब्दांच्या यादीसकट. यादी वाचली. अरबी शब्द उचलायचा आणि शेवटी काहीतरी चिकटवायचे, एवढाच उद्योग. 'किताबोश' म्हणजे म्हणे पुस्तक. मी म्हटले, अरे, ही नवी भाषा कसली, अरबीला खोट्या मिशा लावल्यात! तो चिडला. "मग तू करून दाखव."

सेमिटिक म्हणजे अरबी, हिब्रू, अरामी, इथिओपियातली अम्हारिक, माल्टा बेटावरची माल्टी वगैरे भाषांचे कुटुंब. बायबलमधल्या नोहाचा मुलगा शेम, त्याच्यावरून श्लोत्सर या जर्मन इतिहासकाराने १७८१ मध्ये हे नाव रूढ केले. या कुटुंबाची खरी गंमत आहे शब्द घडवण्याच्या रीतीत.

शब्दाच्या पोटातला स्वर बदलून मराठीतही आपण थोडेफार काम काढतोच: पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे. सेमिटिक भाषांनी सगळा संसारच या युक्तीवर उभा केला. अर्थाचा गाभा सहसा तीन व्यंजनांत असतो, तो धातू. मधले स्वर, आणि लागलाच तर आधी एखादा म किंवा त, हा झाला साचा. व्याकरणातल्या धातूला ओतशाळेतल्या धातूचे नाव इतके कुठेच शोभत नसेल.

यासाठी अरबी शिकायला नको. फारसीच्या हातून आलेला कच्चा माल मराठीत भरपूर पडला आहे. ह-स-ल, म्हणजे हाती लागणे, मिळणे. त्यातून 'त्यात काय हशील?' मधले हशील. त्यातूनच महसूल, म्हणजे जे मिळवले गेले ते; आणि तहसील, म्हणजे मिळवण्याची क्रिया. ('वसूल' मात्र व-स-ल या वेगळ्याच धातूचा आहे. फसू नका.) आता साचा तोच ठेवा आणि धातू बदला. महसूलच्या साच्यात न-ज-र ओतले की 'मंजूर', म्हणजे पाहिलेले, म्हणून पसंत केलेले. ज-क-र म्हणजे उल्लेख करणे, त्याचा 'मजकूर'. तहसीलच्या साच्यात फ-स-ल, म्हणजे वेगळे करणे, ओतले की तफसील, अर्थात आपला 'तपशील'. 'फैसला' त्याचाच भाऊ.

माझा सर्वांत लाडका साचा धंदेवाइकांचा. मधले व्यंजन दुप्पट करायचे आणि त्याला आ जोडायचा: हम्माल, दल्लाल, सर्राफ, जल्लाद. मराठीने पहिल्या तिघांचे जोडाक्षर सोडवून टाकले; जल्लादाच्या वाटेला जायची हिंमत झाली नाही. हा जल्लाद ज-ल-द, म्हणजे कातडी, या धातूचा. फटके मारून कातडी सोलवटणारा तो जल्लाद आणि पुस्तकाला चढवतात ती जिल्द. आधुनिक हिब्रूला वैमानिकासाठी शब्द हवा होता, तेव्हा उडण्याचा धातू याच साच्यात ओतून 'तय्यास' केला. हमाल आणि वैमानिक, दोघे एकाच ओतशाळेतले!

पण कोणतीही तीन व्यंजने घेऊन धातू होत नाही. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९५० मध्ये दाखवले की धातूची पहिली दोन व्यंजने सारखी तर नसतातच, पण सहसा एकाच उच्चारस्थानाचीही नसतात. म्हणजे दोन्ही ओठांची किंवा दोन्ही घशाची, असे चालत नाही. दुसरे आणि तिसरे सारखे असले तर मात्र खुशाल चालते: ह-क-क (हक्क), म-द-द (मदत). असे एकतर्फी का? जॉन मॅकार्थी या दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञाने १९७९ च्या प्रबंधात मांडलेली कल्पना अशी की व्यंजने एका ओळीवर असतात, स्वर दुसऱ्या ओळीवर, आणि साच्यातल्या खाचांना ती जोडली जातात. व्यंजनांच्या ओळीत शेजारी-शेजारी सारखी दोन बसूच शकत नाहीत. म्हणजे 'मदद'चा धातू खरा दोनच व्यंजनांचा, म-द. खाचा तीन. भरणे सुरुवातीकडून होते, त्यामुळे उरलेल्या खाचेत द पसरतो. पसरण्याची दिशा ठरलेली, म्हणून म-द-द होते, म-म-द होत नाही. (इथे डोके गरगरले असेल तर एवढेच ध्यानात ठेवा: मित्राच्या यादीत द-द-म असा धातू होता, आणि मी तिथेच हसलो.)

आता पैजेची भाषा. मी निवडली कार्थेजची प्युनिक. लेबनॉनच्या किनाऱ्यावरून आलेल्या फिनिशियन लोकांचे हे शहर, आजच्या ट्युनिसजवळ. रोमने ते इ.स.पू. १४६ मध्ये जाळले, पण भाषा इतक्या लवकर मेली नाही. संत ऑगस्टिनच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाही, उत्तर आफ्रिकेतले शेतकरी ती बोलत होते. माझ्या कल्पनेत ती आजपर्यंत जगली आहे.

मग तिचे शब्द कसे दिसतील? अरबीत जिथे जुना 'आ' टिकला, तिथे हिब्रूत पुष्कळदा 'ओ' येतो: सलाम आणि शालोम. प्युनिक आणखी एक पायरी पुढे, 'ऊ' वर गेली. याला साक्षीदार आहेत. न्यायाधीशाला हिब्रूत 'शोफेत'. कार्थेजच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला रोमन लिहितात 'सूफेस'. दुसरी साक्ष खुद्द ऑगस्टिनची. व्हॅलेरियस या बिशपने शेतकऱ्यांच्या बोलण्यात 'सालूस' हा शब्द ऐकला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तारण, मोक्ष. दोन्ही भाषा जाणणाऱ्या एकाला त्याने विचारले, तर उत्तर आले: 'तीन'! अरबी थलाथ, हिब्रू शालोश, प्युनिक सालूस. नियम बोटावर मोजून घ्या. 'श' लिहायला लॅटिनकडे अक्षर नव्हते, म्हणून स.

याच ओळीत अरबी 'थ' आणि हिब्रू 'श' यांची जोडीही दिसते. कार्थेजचे मूळ नाव 'कर्त हदश्त', नवे शहर. त्यातला ह-द-श म्हणजे अरबी ह-द-थ, नव्याने घडणे. फारसी जिभेवर थ चा स झाला आणि तोच धातू हिंदीत 'हादसा' होऊन बसला.

चला, संगणक घडवू. ह-स-ब म्हणजे मोजणे. आपला हिशेब त्यातलाच. आधुनिक अरबीने त्यातून 'हासूब' केला, हिब्रूने 'महशेव'. मी कर्त्याचा साचा घेतला, शोफेतचा. 'होशेब', नियमाने 'हूशेब'. उत्तरकालीन प्युनिक शिलालेखांत घशातल्या अक्षरांचा सगळा गोंधळ आहे, म्हणजे ते उच्चार झिजले होते. ह गेला. उरला 'ऊशेब'.

हा शब्द 'उषा' पासून आला, असे सांगणारा निरोप फिरू लागण्याआधीच एक सांगतो. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, असली व्युत्पत्ती फक्त कानाने केलेली असते. दोन शब्द सारखे ऐकू येणे हा पुरावाच नव्हे. एका शब्दाला लावलेला नियम दुसऱ्या दहा शब्दांना लागला पाहिजे, आणि नाही लागला तर का, तेही सांगता आले पाहिजे. थलाथ आणि सालूस कानाला फारसे सारखे नाहीत, तरी सख्खे आहेत.

भाषा शुद्ध ठेवली तर ती खोटी वाटते, म्हणून उसनवारीही हवी. कार्थेजवर रोमनंतर ४३९ मध्ये व्हँडल (एक जर्मानिक टोळी) आले, ५३३ मध्ये बायझँटाइन (पूर्वेकडचे रोमन), ६९८ मध्ये अरब. १८८१ ते १९५६ ट्युनिसियावर फ्रेंचांचा अंमल. प्रत्येकाचा थर बसणार. पण सेमिटिक भाषा परका शब्दही साच्यात कोंबते. अरबीत फिल्मचे अनेकवचन 'अफ्लाम', बँकेचे 'बुनूक'. हिब्रूने टेलिफोनमधून त-ल-प-न असा चार व्यंजनांचा धातूच काढला: 'तिलपेन', त्याने फोन केला.

मित्राच्या दोनशेसमोर माझे अकरा शब्द झालेत. बारावा नकाशासाठी हवा होता. आपला नकाशा न-क-श या अरबी धातूचा, नक्षीचा नातलग. इंग्रजी 'मॅप' लॅटिन 'मप्पा', म्हणजे कापड, यावरून. आणि पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन लिहितो की हा शब्द आपला असल्याचा दावा कार्थेजवाले करतात. आयताच शब्द मिळाला म्हणून खूश झालो, तर ग्रीनबर्ग आडवे आले. म आणि प, दोन्ही ओठांचे! असा धातू कसा असेल? रात्रभर अडलो. मग व्युत्पत्तिकारांचा एक तर्क सापडला: यातला म धातूचा नाहीच, तो साच्याचा आहे, 'महसूल' मधल्या म सारखा. धातू न-व-प, हलवणे, फडकवणे. हिब्रूत तो आजही आहे. आणि रोममध्ये रथांची शर्यत सुरू करण्याची खूण म्हणून जे कापड टाकत, त्यालाही मप्पाच म्हणत.