कार्बोरेटरचा जेट, नागपूरचा उन्हाळा आणि ई२० पेट्रोल

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ प्रदूषण मानके लागू झाली आणि त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये हवा व पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तरीही त्याआधीच्या स्प्लेंडर, पल्सर, बुलेट आणि हौसेने जपलेल्या आरएक्स-१०० अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या इंजिनाला किती पेट्रोल मिळावे हे आजही पितळेच्या जेटमधील बारीक छिद्रच ठरवते. इंजेक्शनच्या गाडीतील संगणक सेन्सरांच्या मदतीने हे माप सतत दुरुस्त करत असतो. कार्बोरेटरला ही सोय नाही. त्यामुळे हवा बदलली किंवा इंधन बदलले, की मिश्रणही बदलते. गंमत अशी, की आपल्याकडे हे दोन्ही बदल परस्परविरुद्ध दिशेने ओढतात.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. पेट्रोल याहून जास्त झाले तर मिश्रण रिच आणि कमी पडले तर लीन. अडचण अशी, की पिस्टन हवा वजनाने नव्हे, तर आकारमानाने ओढतो. उष्ण किंवा उंचावरील हवा विरळ असते, म्हणून सिलिंडर भरला तरी त्यातील हवेचे वजन कमी भरते. हवा जितकी घटली तितकेच पेट्रोलही घटले असते तर प्रश्नच नव्हता. पण तसे होत नाही. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते तेव्हा तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीमुळे पेट्रोल जेटमधून वर येते. ही ओढ हवेच्या घनतेच्या प्रमाणात असते, परंतु छिद्रातून येणारे पेट्रोल ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येते. म्हणूनच हवेची घनता १२ टक्क्यांनी घटली, तरी पेट्रोल जेमतेम ६ टक्क्यांनी घटते आणि उरलेल्या ६ टक्क्यांइतके मिश्रण रिच होते.

१२ टक्के हा आकडा उगाच घेतलेला नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. तिथे डिसेंबरच्या पहाटे १० अंश तापमानात एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.२१ किलो भरते, तर मे महिन्यात दुपारी ४५ अंशांना ते १.०७ किलोच्या आसपास येते. महाडहून महाबळेश्वरला चढताना होणारा फरकही जवळपास एवढाच असतो. कोकणातल्या पावसाळी हवेत बाष्प हवेची काही जागा अडवते, म्हणून तिथेही मिश्रण किंचित रिच होते. पण हा परिणाम लहान आहे आणि त्यासाठी जेटला हात लावू नये. लडाखची गोष्ट वेगळी. खारदुंग ला येथे, म्हणजे ५,३५९ मीटरांवर, हवेची घनता मुंबईच्या तुलनेत निम्म्याहून थोडीच जास्त असते आणि मिश्रण सुमारे ३० टक्क्यांनी रिच होते. तिथे बुलेट धाप टाकते आणि स्पार्क प्लग काळा पडतो, ते यामुळेच.

आता इंधनाकडे वळू. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला जळायला वजनाच्या केवळ ९ पट हवा पुरते. २० टक्के इथेनॉल असलेले ई२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत देशभर सर्रास मिळू लागले. त्याला सुमारे १३.५ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉलच्या ई१० ला १४.१ पट. याचा अर्थ असा, की शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटवर ई२० जाळले तर मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी लीन होते आणि ई१० साठी जुळवलेल्या गाडीत साधारण ४ टक्क्यांनी.

या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की विदर्भातील मोटारसायकलस्वारांची एक नेहमीची तक्रार उलगडते. मे महिन्यात विरळ हवेमुळे येणारा रिचपणा ई२० मुळे येणारा लीनपणा बराचसा भरून काढतो, म्हणून गाडी ठीक चालते. डिसेंबरच्या पहाटे हवा दाट होते, ती भरपाई संपते आणि इंधनाचा लीनपणा उघडा पडतो. त्यातच इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. परिणामी मिश्रण रिच करणारा चोक बराच वेळ ओढून ठेवावा लागतो आणि थ्रॉटल पिळताच इंजिन अडखळते. उन्हाळ्यात जुळवलेली गाडी हिवाळ्यात ‘बिघडते’, त्यात गॅरेजवाल्याचा दोष नसतो.

अशा वेळी सरळ मोठा मेन जेट बसवण्याची पद्धत आहे. माझ्या मते ती बहुधा चुकीची. मेन जेटचे काम थ्रॉटल तीन-चतुर्थांशाहून अधिक उघडल्यावर सुरू होते, आणि शहरातल्या वाहतुकीत तेवढा थ्रॉटल क्वचितच उघडतो. आयडल आणि सुरुवातीच्या पाव थ्रॉटलचा कारभार पायलट जेट व मिक्श्चर स्क्रूकडे असतो, तर मधला टप्पा नीडलकडे, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या निमुळत्या सुईकडे. थंडीतली तक्रार बहुतेक वेळा पहिल्या दोन टप्प्यांतली असते, त्यामुळे स्क्रू थोडा फिरवून आणि नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवून, म्हणजे नीडल वर घेऊन, काम भागते. मात्र स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो बाहेर काढल्याने मिश्रण रिच होते, आणि एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर लीन. त्याआधी एअर फिल्टर, फ्लोटची (कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी आणि कार्बोरेटर-इंजिनामधील रबर तपासलेले बरे, कारण त्या रबराला चीर पडली तर बाहेरची हवा आत शिरते आणि लक्षणे हुबेहूब लीन मिश्रणाचीच दिसतात.

छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. १.०० मिलिमीटरचे छिद्र १.०४ झाले, की क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढते, म्हणजे ई२० चा संपूर्ण हिशेब चार शतांश मिलिमीटरमध्ये मिटतो. जेट तारेने खरवडून साफ करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. पितळ मऊ असते, आणि पायलट जेटचे छिद्र तर अर्ध्या मिलिमीटरचेही नसते. त्याला कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा एवढेच पुरे.

मेन जेटची खरी काळजी आरएक्स-१०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीला करावी लागते. तिच्यात ताजे मिश्रण पिस्टनच्या खालून जाते आणि त्याला थंडही करते. थंडीत महामार्गावर पूर्ण थ्रॉटलने लांबवर जाताना मिश्रण लीन असेल तर पिस्टन तापून फुगतो आणि जाम होतो. अशा गाडीत मेन जेट आधी एक आकडा मोठा बसवावा, पूर्ण थ्रॉटलवर चालवून तिथेच इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. ई२० कमी काजळी धरते, त्यामुळे प्लगवर पूर्वीचा कॉफीसारखा तपकिरी रंग दिसण्याची वाट पाहू नये; फिकट तपकिरी चालेल, पांढरा नाही.