डोळा दुधाळ झालाय, पण कातीआधी की कातीनंतर?

मला एक फोटो येतो. बॉल पायथनचे, म्हणजे घरात पाळल्या जाणाऱ्या परदेशी अजगराचे, दोन्ही डोळे निळसर, धुरकट. सोबत घाबरलेला प्रश्न: 'आय कॅप (डोळ्यावरचा पारदर्शक थर) अडकलीय का? चिमट्याने काढू का?' आठवड्याभराने दुसऱ्या कुणाचा फोटो येतो. त्यातही डोळा धुरकट, पण वाक्य निर्धास्त: 'ब्लूमध्ये (कातीआधीच्या दुधाळ डोळ्यांच्या दिवसांत) गेलाय, टाकेल आता कात.' आणि त्याच फोटोत टाकीच्या कोपऱ्यात कालची कात पडलेली दिसते. पहिल्या सापाला काहीही झालेलं नाही. दुसऱ्याला झालंय. घालमेल मात्र पहिल्याच्या घरी चालू असते.

कात कशी निघते हे साप पाळणाऱ्याला नव्याने सांगायला नको. ओठांपाशी सुटते, साप नाक दगडाला घासतो, आणि पायमोजा उलटा काढावा तशी ती शेपटीपर्यंत उतरते. खवल्यांमधली दुमडलेली त्वचाही तिच्यात ताणली जाते, म्हणून कात अंगापेक्षा लांब भरते. ती मोजून सापाची लांबी सांगू नका, एवढंच.

गोंधळ डोळ्यापाशी आहे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसलेला असतो, आणि अंगावरच्या खवल्यांप्रमाणे त्याचाही वरचा थर दर कातीबरोबर निघतो. आय कॅप म्हणतात ती हीच. कातीच्या आधी जुन्या थराखाली नवा थर तयार होतो आणि दोघांच्या मधे द्रव साठतो. त्या द्रवामुळे डोळा दुधाळ दिसतो. हे ब्लू. ते दोन्ही डोळ्यांत एकदम येतं, सारखंच दिसतं, आणि अंगाचा रंगही त्याच वेळी मळकट झालेला असतो. सापाला तेव्हा कमी दिसतं, म्हणून तो लपून बसतो, भक्ष्य नाकारतो, हात लावला तर दचकतो. गावाकडे 'साप आंधळा झालाय' म्हणतात ते याच दिवसांबद्दल. त्याला हात लावू नये, खायला देऊ नये, डोळ्यात काहीही घालू नये.

आता जिथे बहुतेक जण चुकतात ती गोष्ट. कात पडायच्या आधीच डोळे पुन्हा स्वच्छ होतात. दुधाळपणा काही दिवस राहतो, मग जातो, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांनी कात पडते. हा मधला स्वच्छ काळ माहीत नसला की लोक दोन्हीकडून फसतात. कुणी म्हणतं, 'डोळे साफ झाले पण कात आली नाही, अडकली वाटतं,' आणि सापाला पाण्यात बुडवायला घेतं. कुणी कात पडल्यावर राहिलेला धुरकटपणा बघून म्हणतं, 'ब्लू अजून चालू आहे.' ब्लू कात पडल्यानंतर चालू राहत नाही. अंग नव्या कातडीने चकचकीत आहे आणि डोळा मात्र मंद, राखाडी, वर बारीक सुरकुत्या किंवा उचललेली कड आहे, तर जुनी कॅप तिथेच राहिली आहे. बरेचदा ती एकाच डोळ्यावर असते.

याची खात्री कातीवरूनच होते, म्हणून कात लगेच फेकून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ती कोमट पाण्यात भिजवा, डोक्याकडचा भाग हळूच उलगडा आणि उजेडात धरा. डोळ्यांच्या जागी घड्याळाच्या काचेसारख्या दोन गोल, पारदर्शक चकत्या दिसल्या तर दोन्ही कॅप निघाल्या. चकतीच्या जागी भोक असेल तर त्या बाजूचा डोळा नीट बघा. फाटलेल्या कातीत कॅप वेगळी पडलेलीही असू शकते, म्हणून निर्णय कात आणि डोळा दोन्ही बघून घ्यायचा.

आणि कॅप अडकलेलीच असली, तरी चिमटा नको. चिकटपट्टी नको. जुन्या थराखाली सापाचा जिवंत खवला आहे आणि त्याच्याखाली कॉर्निया, म्हणजे खुद्द डोळ्याचा पारदर्शक पडदा. ओढताना खालचा खवलाही सोबत आला की कॉर्निया उघडा पडतो, वाळतो, आणि डोळा जातो. ब्लूमधल्या डोळ्याला चिमटा लावणं तर त्याहून वाईट, कारण तिथे थर अजून पुरते सुटलेलेच नसतात. खोबरेल तेल आणि व्हॅसलीनचा सल्लाही बंद व्हायला हवा. कमी पडलेली असते हवेतली ओल. तेल चोपडून ती येत नाही.

ओल मात्र द्यायची. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिनकडचा. तो उघड्या माळावर नाही, उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो, आणि तिथली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. त्याला ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, कातीच्या दिवसांत थोडी जास्त. पुण्याच्या एप्रिलमधली दुपार किंवा एसीची खोली ती देत नाही, नागपूरचा उन्हाळा तर नाहीच. ओलं शेवाळ भरलेला, भोक पाडलेला एक बंद डबा टाकीत ठेवला की पुरतं. कोकणातल्या जुलैत उलट काळजी घ्यायची: तिथे फवारा मारून टाकी भिजवली तर पोटाचे खवले कुजतात. अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकला एवढी ओल लागत नाही.

ओल नीट असेल तर राहिलेली कॅप बहुधा पुढच्या कातीबरोबर निघते. सलग दोन कातींनंतरही ती तशीच असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या व्हेटकडे जा. डोळ्याच्या कडेला किंवा पाण्याच्या भांड्यात काळे बारीक ठिपके हलताना दिसले तर माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, आहेत, आणि कॅप अडकण्याचं तेही कारण असतं. एक डोळा फुगलेला, आत पांढुरका द्रव, आणि कातीची वेळही नाही, तर ते ब्लूही नाही आणि अडकलेली कॅपही नाही. तिथे वाट बघू नका. शेपटीच्या टोकाला अडकलेल्या कातीचीही वाट बघायची नसते: ते कडं आवळत जातं, रक्त थांबतं आणि टोक मरतं. तिथे ओलं फडकं गुंडाळून हलक्या हाताने सोडवायचं.

हे सगळं परदेशी सापांबद्दल. धामण, नाग, घोणस घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनचीही वनखात्याकडे नोंदणी लागते.

टाकीवर एक कागद चिकटवा आणि दर वेळी तीन तारखा लिहा: डोळे दुधाळ झाले, डोळे स्वच्छ झाले, कात पडली. पुढच्या वेळी धुरकट डोळा दिसला की मला फोटो पाठवण्याआधी शेवटची तारीख वाचा.