लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक (एलपीडी)

सैनिक, रणगाडे, ट्रक आणि ते किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटी असं सगळं पोटात घेऊन जाणारी युद्धनौका म्हणजे एलपीडी. बंदर नसलं, धक्का नसला तरी फौज उतरवता येते.

आधीची पद्धत एलएसटीची (लँडिंग शिप टँक), म्हणजे जहाज थेट वाळूत नाक खुपसणार, पुढचा दरवाजा उघडणार आणि रणगाडे खाली. आपली मगर (1987, आता निवृत्त), आणि कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधलेली शार्दूल, केसरी, ऐरावत ही त्याच जातीची. पण त्याला किनारा तसा उताराचा लागतो, तो सगळीकडे कुठे असतो. डिसेंबर 1971 च्या युद्धात बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला हेच नडलं, वाळूच्या दांड्यामुळे जहाज काठापर्यंत गेलंच नाही आणि खोल पाण्यात उतरलेले जवान बुडाले.

एलपीडी लांबच थांबते. तिच्या मागच्या भागात वेल डॉक असतो, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेता येईल अशी लांब पोकळी. बॅलास्टच्या, म्हणजे जहाज जड करायच्या टाक्यांत पाणी भरलं की जहाजाची मागची बाजू हळूहळू खाली बसते, गेट उघडतं, समुद्र आत येतो, आणि आत टेकलेल्या बोटी जागच्या जागी तरंगायला लागतात, मग एकेक करून बाहेर. बांधायला अवघड काय तर हाच भाग, कारण एरवी पाणी पसरू नये म्हणून जहाजात आडव्या भिंती घालतात आणि इथे लांबलचक पोकळी मुद्दाम मोकळी सोडायची, तिच्यात पाणी हिंदकळलं तरी जहाज कलता कामा नये, वरती हेलिकॉप्टर उतरत असतात.

भारताकडे अशी एकच, आयएनएस जलाश्व. मूळची अमेरिकेची ट्रेंटन, 1971 ची, 2007 मध्ये आपण घेतली, जवळपास 17 हजार टनांची, मुक्काम विशाखापट्टणमला. मे 2020 मध्ये कोविडच्या काळात मालदीवच्या मालेहून 698 लोकांना हिनेच कोचीला आणलं, युद्ध नसतानाही हे जहाज किती कामाचं ते तेव्हा दिसलं.

नवीन चार बांधायचं टेंडर निघालं, रखडलं, 2020 मध्ये रद्द झालं, 2021 मध्ये परत कंपन्यांकडून माहिती मागवली. दुसऱ्या देशांनी काय केलं ते बघा. ऑस्ट्रेलियाने वेल डॉक असलेल्या कॅनबेरा जहाजाचा सांगाडा स्पेनच्या फेरोलला बनवून घेतला, दुसऱ्या जहाजावर लादून मेलबर्नला आणला आणि वरचं बांधकाम तिथे केलं. तुर्कस्तानने तेच स्पॅनिश डिझाइन घेऊन अनादोलू ही नौका घरीच बांधली, 2023 मध्ये नौदलात घेतली. मला तुर्कस्तानचा रस्ता बरा वाटतो, कारण वेल डॉक स्वतः बांधल्याशिवाय आपल्या यार्डातल्या माणसांच्या हातात ते काम येणार नाही.