हल्लेल

हल्लेल म्हणजे यहुदी उपासनेत सणावारी म्हटला जाणारा स्तुतिगीतांचा संच. बायबलमधील ‘स्तोत्रसंहिते’तील ११३ ते ११८ ही सहा स्तोत्रे त्यात येतात. या हिब्रू शब्दाचा अर्थच स्तवन. ‘हालेलूया’ म्हणजे ‘याहचे स्तवन करा’, आणि याह हे परमेश्वराच्या नावाचे लघुरूप. ११४वे स्तोत्र इस्राएल लोक मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर पडल्याच्या आठवणीने सुरू होते, म्हणून या संचाला ‘मिसरी हल्लेल’ असेही म्हणतात. ‘महा हल्लेल’ मात्र निराळे. ते १३६वे स्तोत्र असून त्याच्या २६ कडव्यांपैकी प्रत्येकाचा शेवट एकाच पालुपदाने होतो: त्याची दया सनातन आहे.

सहाही स्तोत्रांचा सूर सारखा नाही. ११३व्यात देव दीनाला धुळीतून उचलतो, ११४व्यात डोंगर एडक्यांसारखे उड्या मारतात, ११७वे अवघ्या दोन ओळींत संपते. संचाचा गाभा ११६व्या स्तोत्रात आहे. तिथे मरणाच्या दारातून परतलेला एक माणूस बोलतो. तारणाचा प्याला हाती घेईन, सगळ्या लोकांसमक्ष नवस फेडीन, असे तो म्हणतो. हा नवस कसा फिटे याचा तपशील ‘मिश्ना’त, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, सापडतो. उपकारस्तुतीच्या यज्ञासोबत चार प्रकारच्या प्रत्येकी दहा, म्हणजे एकूण ४० भाकरी आणाव्या लागत. त्यातल्या ४ याजकाला जात, ३६ यजमानाकडे उरत, आणि मांसासकट सारे त्याच दिवशी संपवायचे असे. एवढे अन्न एकट्या घराला संपणारे नव्हे. चार माणसे बोलवावीच लागत, आणि आपण कसे वाचलो हे त्यांना सांगावेही लागे.

यरुशलेमचे मंदिर उभे होते तेव्हा वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाच्या, कोकरांचा वध लोकांच्या तीन तुकड्या करून होई आणि तो चालू असताना लेवी, म्हणजे मंदिराचे सेवेकरी, हल्लेल गात. इ. स. ७० मध्ये मंदिर पडले. यज्ञ थांबले, पण गाणे सभास्थानांत आणि घरांत टिकून राहिले. वल्हांडणाच्या रात्री जेवण हल्लेलच्या मधोमध येते. पहिली दोन स्तोत्रे जेवणाआधी म्हणतात, उरलेली जेवणानंतर, त्या रात्रीच्या चार द्राक्षारसाच्या प्याल्यांपैकी चौथ्यावर. मंडपांच्या सणात खजुराची मिटलेली पात, मेंदीसारख्या पानांच्या मर्टलच्या आणि विलोच्या डहाळ्या आणि महाळुंगाच्या जातीचे फळ हातात धरतात, आणि ११८व्या स्तोत्राच्या ठरावीक शब्दांवर ते चारी दिशांना, वर आणि खाली हलवतात.

हल्लेल कधी म्हणायचे याइतकाच विचार ते कधी म्हणायचे नाही याचाही झाला आहे. मिश्नावरील चर्चांचा मोठा ग्रंथ असलेल्या तालमुदाच्या हिशेबाने पूर्ण हल्लेलचे दिवस वर्षात १८ आहेत, इस्राएलबाहेर २१. नववर्ष आणि प्रायश्चित्ताचा दिवस हे मोठे सण असूनही त्यांत नाहीत. न्यायाधीश आसनावर बसला आहे, जीवन-मरणाची पुस्तके उघडी आहेत, अशा वेळी गाणे कसे गावे, असा प्रश्न तिथे विचारला आहे. वल्हांडणाच्या शेवटच्या सहा दिवसांत ११५व्या आणि ११६व्या स्तोत्राची पहिली अकरा-अकरा वचने गाळून ‘अर्धे हल्लेल’ म्हणतात. तालमुद याचे कारण त्या दिवसांच्या यज्ञांच्या नियमांत शोधतो. लोकांच्या तोंडी असलेले कारण वेगळे आहे: सातव्या दिवशी मिसरी सैन्य समुद्रात बुडाले, आणि माझ्या हातची लेकरे बुडत असताना तुम्ही गाता काय, असे देवाने देवदूतांना विचारले. आपल्या सुटकेचा आनंद शत्रूच्या मरणापुढे थोडा आवरायचा, ही जाणीव उपासनेच्या नेमात बसवणे हे या परंपरेचे फार मोठे देणे आहे.

ख्रिस्ती उपासनेत हल्लेल तुकड्यातुकड्यांनी आले. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले, असे मत्तय आणि मार्क लिहितात. ते भोजन वल्हांडणाचे असेल तर ते गीत हल्लेलचा उत्तरार्ध असावे, असे बहुतेकांना वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र तो वल्हांडणाचा आदला दिवस ठरतो. ११८व्या स्तोत्रातले ‘होशिया ना’, म्हणजे ‘तार ना रे’, हेच झावळ्यांच्या रविवारचे, म्हणजे येशू यरुशलेमात शिरताना लोकांनी केलेल्या जयघोषाचे, ‘होसान्ना’. ‘परमेश्वराच्या नावाने येणारा धन्य’ ही त्याच स्तोत्रातली पुढची ओळ कॅथलिकांच्या प्रत्येक मिस्सेत, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेत, म्हटली जाते. बांधणाऱ्यांनी टाकून दिलेला दगड कोनशिला झाला, हे वचनही तिथलेच. ख्रिस्तप्रसादाच्या विधीचे ग्रीक नाव ‘युखरिस्तिया’ म्हणजे उपकारस्तुती.

मराठीत हल्लेल छापून आले ते कोकणातल्या बेने इस्राएल या मराठीभाषक यहुदी समाजामुळे. वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात निघाली. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. याच समाजात नवस फिटला, लग्न ठरले किंवा नवे घर घेतले की ‘मलिदा’ करतात. भिजवलेल्या गोड पोह्यांत ओले खोबरे घालून ताट भरतात, भोवती फळे मांडतात, एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, गीत म्हणतात आणि मग तो प्रसाद जमलेल्या सगळ्यांना वाटतात.