सड्यावरचे गवत आणि आपले नाक

गणेशाची चवथ उलटली की गोव्यात डिचोली-पेडण्याकडच्या सड्यांवरचे, म्हणजे कातळी पठारांवरचे, गवत तुऱ्यावर येते. सकाळच्या उन्हात असा एखादा तुरा बोटाने टिचकावला, तर पिवळसर धूळ भुरकन उडताना दिसते. ते परागकण. एकेक कण जेमतेम 20 ते 40 मायक्रोमीटरचा, म्हणून वाऱ्यावर सहज तरंगणारा. ज्यांच्या शरीराने या कणांतील प्रथिनांशी वैर धरले आहे, त्यांच्या नाकाच्या अस्तरातील पेशी त्यांच्या स्पर्शाने हिस्टामिन सोडतात, आणि मग शिंकांची माळ, पाण्यासारखे वाहणारे नाक, डोळ्यांची खाज सुरू होते. परागज्वर म्हणत असले, तरी यात ताप येत नाही.

दोष मात्र बहुधा आंब्या-काजूच्या मोहराला दिला जातो. त्यांचे पराग चिकट असतात आणि मुख्यतः कीटकांकरवी वाहिले जातात, त्यामुळे गवताच्या परागांइतके ते हवेत पसरत नाहीत.

हवेतील परागांचे प्रमाण एका घनमीटरमागे कण मोजून सांगतात. पण आजचा आकडा आणि आजचा त्रास नेहमी जुळत नाहीत, हे रुग्णांनी समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. मोसमाच्या आरंभी बरेच पराग सोसणारे नाक, रोजच्या माऱ्याने एकदा चाळवले की, पुढे थोड्याशा परागांनीही शिंकू लागते. म्हणूनच नाकात मारायचा स्टेरॉइड फवारा, ज्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस जातात, तो डॉक्टरांना विचारून मोसमाच्या एक-दोन आठवडे आधीच सुरू करणे हिताचे. शिंका अनावर झाल्यावर घाई करून तितका उपयोग होत नाही.

संततधार पाऊस हवा धुऊन काढतो. परतीच्या पावसातील गडगडाटाची गोष्ट वेगळी, कारण ओलाव्याने फुगून फुटलेल्या परागांचे बारीक कण थेट छातीत उतरू शकतात. नोव्हेंबर 2016 मध्ये मेलबर्नला अशाच एका वादळानंतर हजारो लोकांना श्वास घेणे कठीण झाले होते. दमा असलेल्यांनी अशा वेळी खिडक्या लावून घरातच थांबावे.

एरवी बाहेरून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलावेत, चादरी अंगणात वाळत घालू नयेत, स्कूटरवर हेल्मेटची काच खाली ठेवावी. मिठाच्या पाण्याने नाक धुताना पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे. अॅलर्जीच्या काही गोळ्यांनी झोप येते, तेव्हा त्या घेऊन गाडी चालवू नये. आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांना छाती तपासायला सांगावे.