चावा ‘चिघळला’ म्हणजे नेमकं काय? : पार्श्वभूमी

पोटीस बांधून गळू पिकवायचं आणि चिरा देऊन पू काढायचा, ही रीत जुनीच. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि लाल दिसेल त्यावर गोळी, अशी सवय जडली; कीटक चावल्यावरची सूजही त्यातून सुटली नाही. १९६१ पर्यंत मेथिसिलिन या प्रतिजैविकालाही न जुमानणारे स्टॅफिलोकोकस जंतू इंग्लंडमध्ये सापडले होते. सवय मात्र सुटली नाही.

घोळाचं मूळ ‘चिघळणं’ या शब्दात आहे. गांधीलमाशी बोटाला डसली आणि हात कोपरापर्यंत सुजला, तरी त्यात एकही जंतू नसू शकतो. ही सूज विषावरची प्रतिक्रिया असते. ती काही तासांत सुरू होते, २४ ते ४८ तास वाढते, खाजते आणि आठवडाभरात ओसरते. संसर्गाची चाल उलटी. पहिल्या दिवशी फारसं काही नसतं. खाजवताना नखाने कातडी फुटते, जंतू आत शिरतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाजेची जागा ठणका घेतो. मग पू, वर चढणारी लाल रेघ, काखेत किंवा जांघेत अवधाण (दुखरी, सुजलेली गाठ), ताप. लाली आणि ऊब दोन्हींत असते, म्हणून नुसत्या त्यांच्यावरून निदान करू नये. सावळ्या त्वचेवर तर लाली सहज दिसतही नाही; तिथे हात लावून ताठरपणा आणि दुखरेपणा पाहावा.

कीटकदंशावरच्या इंग्लंडमधल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी संसर्गाची लक्षणं नसतील तर प्रतिजैविक नको, असं स्पष्ट म्हटलं. निर्णय उशिरा आला, पण योग्यच. (खाजेवरच्या अँटिहिस्टामिनचा पुरावाही कच्चा असल्याचं त्यांनी मान्य केलं.) टीकाकारांचा मुद्दा असा, की पहिल्याच दिवशी आलेल्या रुग्णाला काय सांगायचं? यावर पेनाने लालीची कड आखून वेळ लिहिण्याचा उपाय आहे. पण पहिल्या दोन दिवसांत साधी सूजही ही आखलेली कड ओलांडते. त्यानंतरही लाली पसरत असेल आणि ठणका वाढत असेल, तर संसर्ग धरावा. इंग्लंडमधल्या प्रौढांसाठी मग सहसा फ्लुक्लोक्सासिलिन हे पेनिसिलिन गटातलं प्रतिजैविक, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून चारदा, ५ ते ७ दिवस. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास दुसरं औषध.

उलटी चूकही झाली. २००० च्या आसपास अमेरिकेत ‘कोळी चावला’ म्हणून दाखवलेली अनेक गळवं प्रत्यक्षात मेथिसिलिन-रोधक स्टॅफिलोकोकसची निघाली. कोळी कुणी पाहिलेलाच नसे. अशा गळवावर मुख्य उपचार पुन्हा तोच: चिरा देऊन पू काढणं.